मोटारसायकलीस सामानाचे कॅरिअर : निवड व बसवणी

मुंबईत लोअर परळ स्थानकाबाहेर दुपारच्या जेवणवेळेपूर्वी डबेवाल्यांच्या सायकली भरताना दिसतात. या भागात पूर्वी कापडगिरण्या होत्या. १९८२ च्या संपानंतर त्या हळूहळू बंद पडत गेल्या व त्यांच्या जागी कचेऱ्या आणि दुकाने उभी राहिली. परंतु गिरणीकामगारांच्या काळी येणारे डबे आज कचेऱ्यांतील नोकरदारांसाठी येतात. हे डबे वाहणारे लोक बहुधा मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव व जुन्नर या तालुक्यांतील शेतकरी कुटुंबांतले आहेत. तीस-पस्तीस डबे एका सायकलीवर लादून गर्दीतून मार्ग काढणे ही साधी गोष्ट नव्हे. त्यांच्यापैकी काहीजण आता मोटारसायकलही वापरू लागले आहेत आणि त्यांच्या गावाकडील भाऊबंद तर दूध, भाजीपाला, खत, बियाणे यांची ने-आण फार पूर्वीपासून मोटारसायकलीवरच करीत आहेत. यास्तव सायकलीवरील कॅरिअर व मोटारसायकलीवरील कॅरिअर यांत कोणता भेद आहे, हे प्रथम समजून घेणे इष्ट होईल.

डबेवाल्याच्या सायकलीचे मागील कॅरिअर नीट पाहावे. त्याचे दोन्ही बाजूंचे पाय थेट मागील चाकाच्या आसापाशी येऊन टेकलेले असतात. ओझ्याचा भार त्या पायांवाटे आसावर, आसावरून चाकावर व चाकावरून जमिनीवर उतरतो. मधल्या कोणत्याही भागास तो लोंबकळत धरावा लागत नाही. सायकलीचा सांगाडा व आस हे एकमेकांस पक्के जोडलेले असल्यामुळेच हे शक्य होते. मोटारसायकलीचे तसे नाही. तिचे मागील चाक एका काट्यात बसविलेले असून तो काटा शॉकॲब्सॉर्बरच्या आधाराने वर-खाली होतो. खड्डा आला की चाक चार बोटे वर जाते. सांगाडा मात्र त्या मानाने कमी हलतो. म्हणून मोटारसायकलीच्या कॅरिअरचा पाय आसाला अथवा त्या हलत्या काट्याला जोडला, तर काही दिवसांतच जोड तुटतो किंवा कॅरिअर वाकडे होते. अशी मोडलेली कॅरिअरे खेड्यातील वेल्डिंगच्या दुकानांत वारंवार दुरुस्तीस येतात व पुन्हा त्याच ठिकाणी जोडून दिली जातात, ही खेदाची गोष्ट होय. मोटारसायकलीचे कॅरिअर हे सांगाड्यालाच बांधले पाहिजे.

सांगाड्याला बांधावयाचे म्हटल्यावर ओझे नेमके कोठे येते, हा प्रश्न उत्पन्न होतो. बैलगाडी भरणाऱ्या शेतकऱ्यास याचे उत्तर शिकविण्याची गरज नाही. आसाच्या मागे अधिक भार भरला की गाडी उलाळते, जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते आणि चढणीवर तर जोत बैलांच्या गळ्याला काचते. मोटारसायकलीतही नियम तोच आहे. फरक एवढाच की बैलाच्या मानेऐवजी येथे पुढचे चाक उचलले जाते, आणि वळणे व थांबणे ही दोन्ही कामे मुख्यतः पुढच्या चाकावर अवलंबून असतात.

आकड्यांनी पाहू. सामान्यतः वापरात असलेल्या शंभर सीसीच्या मोटारसायकलीच्या दोन आसांतील अंतर सुमारे सव्वा मीटर, म्हणजे १२५ सेंटिमीटर असते. शेपटावर, मागील आसापासून ३० सेंटिमीटर मागे, ४० किलोंचे ओझे ठेवले असे समजा. ४० ला ३० ने गुणून १२५ ने भागल्यास उत्तर साडेनऊ किलोंच्या थोडे वर येते. इतका भार पुढच्या चाकावरून कमी होतो आणि मागील चाकावर ४० ऐवजी जवळजवळ ५० किलोंचा बोजा पडतो. तेच ओझे आसाच्या २० सेंटिमीटर पुढे, म्हणजे मागे बसणाराच्या जागी ठेवले, तर पुढच्या चाकावरील भार कमी न होता उलट सहा किलोंच्या आसपास वाढतो. ओझे तेच, गाडी तीच. जागा अर्ध्या मीटरने बदलली. घाटातील चढणीवर किंवा पावसात ओल्या झालेल्या पुलाच्या उतारावर हा फरक चालकाच्या हातांना जाणवतो. हँडल हलके लागणे व डुलणे ही त्याची खूण आहे.

यावरून निवडीचा नियम सहज निघतो. कॅरिअर घेताना ते किती मोठे आहे हे पाहण्यापूर्वी त्याची बैठक आसाच्या किती मागे जाते हे पाहावे. दुकानात लांबलचक, चकचकीत पाइपांचे कॅरिअर मन वेधून घेते. पण लांबी जितकी अधिक तितका तेथे अधिक माल ठेवण्याचा मोह अधिक. शेपटावरील कॅरिअर आखूड असावे व त्यावर कपड्यांची पिशवी, शेतातून आणलेली भाजीची जुडी, कागदपत्रांची पेटी असे हलके सामानच ठेवावे. जड माल दोनच ठिकाणी असावा : बैठकीवर मागील माणसाच्या जागी, किंवा दोन्ही बाजूंस खाली, आसाच्या रेषेत अथवा तिच्या किंचित पुढे.

युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोंची झाली आहे. डीएपीची गोणी ५० किलोंची असते. अशी एक गोणी न्यावयाची झाल्यास ती बैठकीवर आडवी घालून चालकाने एकट्यानेच जावे. ती शेपटावरील कॅरिअरवर टाकून पुढे आणखी एक माणूस बसविण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी दिसते, ती सर्वथा त्याज्य आहे. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत एकूण भार किती वाहता येतो ते दिलेले असते, व त्या आकड्यात चालकाचे वजनही धरलेले असते, ही बाब पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ६५ किलोंचा चालक व ५० किलोंची गोणी म्हणजे ११५ किलो झाले. त्यावर तिसरे काही चढविण्यास लहान गाड्यांत फारशी जागा उरत नाही.

टोमॅटो किंवा वांग्यांचे कॅरेट नेणाऱ्यांनी एक कॅरेट बैठकीवर घ्यावे. कॅरेटावर कॅरेट चढविल्यास भार उंचावर जातो, आणि उंच भार वळणावर गाडीस आपल्याबरोबर खाली ओढतो. बाजारात दोन खेपा कराव्या लागल्या तरी चालतील.

दुधाच्या कॅनसाठी बाजूचे कॅरिअर लागते. येथे दोन गोष्टींची काळजी घ्यावी. एक लिटर दुधाचे वजन एका किलोहून थोडे अधिक भरते. वीस लिटरांचा कॅन म्हणजे धातूच्या वजनासह वीस किलोंच्या बराच वर. असा कॅन एकाच बाजूस टांगून संपूर्ण रस्ता गाडी विरुद्ध बाजूस कलती ठेवणारे दूधवाले आपण पाहतोच. त्यांचे टायर एका अंगाने झिजतात, आणि गाडी थांबवून पाय टेकताना ती जड बाजूस पडण्याचा धोका असतो. म्हणून दोन्ही बाजूंस सारखे कॅन असावेत व रतीब घालताना एक माप डावीकडील कॅनमधून, तर पुढचे उजवीकडील कॅनमधून काढावे. दुसरी गोष्ट हिंदकळण्याची. अर्धवट भरलेल्या कॅनमधील दूध ब्रेक लावताच पुढे व वळणावर बाजूला धाव घेते. दूध थोडेच असेल तर मोठ्या कॅनऐवजी दोन लहान कॅन काठोकाठ भरून न्यावेत. बाजूचे कॅरिअर हँडलच्या रुंदीबाहेर येता कामा नये; हँडल जेथून जाते तेथून मागचे सामानही जाईल, असा चालकाचा अंदाज असतो आणि अरुंद बोळात तोच अंदाज फसतो. उजव्या बाजूस सायलेन्सर असल्यास कॅन, गोणपाट किंवा प्लॅस्टिकची पिशवी त्यास टेकणार नाही इतके अंतर राखावे.

आता ज्या मुद्द्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, त्याकडे वळू. डाव्या बाजूस कॅनचे कॅरिअर बसविताना साडीगार्ड काढून टाकले जाते, आणि शेपटावर कॅरिअर बसविताना मागे बसणाराने धरावयाचा दांडा काढून टाकला जातो. बसविणाऱ्याच्या दृष्टीने ते सोयीचे असते, कारण त्याच बोल्टांच्या जागी कॅरिअर बसते. परंतु सकाळी दूध घालून आल्यावर त्याच गाडीवर घरातील स्त्री बाजारास किंवा दवाखान्यात जाते. तिला धरावयास काही नाही आणि पदर व चाक यांमध्ये काही नाही, अशी स्थिती होते. साडीचा किंवा ओढणीचा शेव चाकात गुंतून झालेले अपघात क्षणार्धात घडतात व प्राणघातकही ठरू शकतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे बसणाराकरिता हातपकड, पाय ठेवण्याची जागा व मागील चाकात कपडा जाऊ नये म्हणून आवरण यांची तरतूद आहे, ती याच कारणासाठी. म्हणून कॅरिअर घेताना ज्याच्या पुढील बाजूस धरण्याचा दांडा त्यातच घडविलेला आहे असे घ्यावे, अथवा मूळ दांडा राखून त्याच्या मागे बसणारे घ्यावे. साडीगार्ड काढल्याखेरीज जे बाजूचे कॅरिअर बसतच नाही, ते घरातील माणसे ज्या गाडीवर बसतात त्या गाडीस लावू नये. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी महिला मंडळांच्या बैठकीत ही गोष्ट आवर्जून सांगावी; पुरुषांपेक्षा ती तेथे अधिक लवकर ऐकली जाईल, असे वाटते.

बंद पेटी बसविणाऱ्यांसाठी नियमांत मापेही दिली आहेत. २०२० च्या तरतुदीनुसार मोटारसायकलीवरील हलक्या पेटीची लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१० मिलिमीटर व उंची ५०० मिलिमीटर यांहून अधिक असू नये. पेटी मागील माणसाच्या जागेवर ठेवल्यास केवळ चालकानेच प्रवास करावयाचा असतो. लोअर परळच्या कचेऱ्यांत खाद्यपदार्थ पोहोचविणाऱ्या तरुणांच्या पाठीवर किंवा गाडीवर अशा पेट्या दिसतात. पाठीवरील पेटीचा भार चालकाच्या कमरेवर व तोलावर येतो. ती गाडीवर पक्की बसविलेली बरी.

प्रत्यक्ष बसवणीचे काम फारसे अवघड नाही, पण घाईचेही नाही. गाडीच्या मागील भागात मूळ दांडा ज्या बोल्टांनी धरलेला असतो, त्या जागा सांगाड्याशी जोडलेल्या असतात व भार घेण्यास योग्य असतात. शेपटाचे प्लॅस्टिकचे आवरण मात्र भार घेण्यासाठी नाही. कॅरिअर त्या आवरणावर दाबून बसत असेल, तर मध्ये योग्य उंचीचे लोखंडी बुश घालून भार थेट सांगाड्यावर उतरवावा. एरवी आवरण तडकते आणि मग बोल्टही ढिले पडतात. मूळ बोल्ट कॅरिअरच्या पट्टीच्या जाडीमुळे अपुरे पडतात. दोन-तीन आट्यांवर धरलेला बोल्ट हा न लावल्यासारखाच समजावा. त्याच व्यासाचा व त्याच आट्यांचा, परंतु पट्टीच्या जाडीइतका लांब बोल्ट घ्यावा. ८ मिलिमीटरच्या बोल्टास बहुधा १२ अथवा १३ नंबरचा पाना लागतो. प्रत्येक बोल्टाखाली सपाट वॉशर व स्प्रिंग वॉशर घालावा. आरंभी सर्व बोल्ट हातानेच लावावेत, कॅरिअर सरळ बसले याची खात्री करावी आणि नंतर आळीपाळीने आवळावेत. एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसरे भोक जुळविण्यासाठी कॅरिअर ओढून-ताणून बसविल्यास त्या ताणानेच पुढे जोड चिरतो.

सांगाड्यास भोक पाडणे अथवा त्यावर वेल्डिंग करणे टाळावे. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या ठिकाणचे लोखंड मूळचे राहत नाही व भेग बहुधा जोडाच्या शेजारीच पडते. शिवाय नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करण्यास कायद्याने मनाई आहे. कॅरिअरलाच वेल्डिंग करावयाचे असल्यास ते गाडीवरून उतरवून करावे. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांत इंधनाचा पुरवठा विद्युत-नियंत्रित असतो. कॅरिअर गाडीवरच ठेवून वेल्डिंग केल्यास त्या नाजूक यंत्रणेस अपाय होऊ शकतो.

स्थानिक कारागिराकडून कॅरिअर करून घेणाऱ्यांनी भरीव सळईऐवजी पोकळ पाइप मागावा. त्याची जाडी निदान दीड मिलिमीटर असावी. भरीव सळईचे कॅरिअर मजबूत वाटते खरे, पण त्याचे सात-आठ किलो वजन गाडी रिकामी असतानाही वाहावे लागते. पाइपाची तोंडे बंद करून घ्यावीत, नाहीतर पावसाचे पाणी आत साठून पाइप आतून गंजतो, आणि बाहेरचा रंग शेवटच्या दिवसापर्यंत चांगला दिसत राहतो.

कॅरिअर बसविल्यावर मागील दिवा, दिशादर्शक दिवे व क्रमांकाची पाटी मागून स्पष्ट दिसतात की नाही, हे दहा पावले मागे जाऊन पाहावे. सामान लादल्यावरही तसेच पाहावे. गोणीचा कान दिव्यावर लोंबत असतो. बांधण्यासाठी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या उत्तम. आकडे असलेले रबरी दोर सोयीचे असले तरी ते ताणलेले असताना निसटल्यास आकडा डोळ्यावर येतो. ते लावताना तोंड बाजूस ठेवावे. दोराचे मोकळे टोक कधीही लोंबते ठेवू नये.

कीटकनाशकाची बाटली व जेवणाचा डबा एकाच पेटीत किंवा पिशवीत ठेवू नयेत. फवारणी पंप रिकामा करून, झाकण वर ठेवून न्यावा. जनावरांचा खुराकही औषधापासून वेगळा बांधावा.

जड सामान नेण्यापूर्वी मागील टायरमध्ये पुस्तिकेत भारासाठी दिलेल्या प्रमाणात हवा भरावी व शॉकॲब्सॉर्बरचे कडे त्यानुसार पुढच्या खाचेत फिरवावे. सामान उतरल्यावर ते पुन्हा पूर्ववत करावे. नवे कॅरिअर बसविल्यानंतर पहिल्या शंभर किलोमीटरांच्या आत सर्व बोल्ट एकदा पुन्हा आवळावेत. पुढे दर महिन्याला, आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला, जोडांवर बोट फिरवून पाहावे. रंगावर केसासारखी तांबूस रेघ उमटलेली दिसल्यास तेथे भेग पडली आहे असे समजून त्या दिवसापासून कॅरिअरवर भार ठेवू नये व ते उतरवून कारागिराकडे न्यावे.