पेणकर, रोहेकर आणि 'शुद्ध' संस्कृती

संस्कृती आमच्याच घरची, बाहेरचा वारा लागला की ती बाटते, असे सांगणाऱ्यांचा हल्ली सुळसुळाट झाला आहे. त्यांना आमचे एकच सांगणे, एकदा पेण-रोह्याला जाऊन या.

पेणकर, रोहेकर, अष्टमकर म्हटले की कोकणी माणूसच डोळ्यांपुढे येतो. ही बेने इस्रायल ज्यूंचीही आडनावे आहेत! पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावला फुटले, असे त्यांची परंपरा सांगते. त्यांनी कुलाब्याच्या गावोगावी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. बायका नऊवारी नेसल्या, घरात मराठी रुजली, एकोणिसाव्या शतकात तर बायबलातल्या कथांवर मराठी कीर्तने रंगली. एलियाहू हनाबीच्या नावाने ते मलिदा करतात. संदेष्टा हिब्रू, पदार्थाचे नाव फारसी आणि ताटात कोकणचे पोहे-खोबरे. यातले शुद्ध किती नि बाटलेले किती, हे संस्कृतिरक्षकांनी निवडून दाखवावे.

पण देवाणघेवाणीचे नुसते गोडवे आम्हाला गाता येणार नाहीत. पोह्यांबरोबर या समाजाने शेजाऱ्यांकडून जातही उचलली. 'गोरा इस्रायल' आणि 'काळा इस्रायल' असे दोन तट पडले. बाहेरच्या स्त्रीची संतती ती काळी, तिच्याशी बेटीव्यवहार नाही! ज्यांच्या धर्मग्रंथात मनू नाही, त्यांच्यात हे आले कोठून? जात अनुकरणानेही पसरते, हे बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात मांडले होते. इथे त्याचा पुरावा आमच्याच जिल्ह्यात मिळतो.

1948 नंतर यातले बहुतेक इस्रायलला गेले. तिथे काय घडावे? 1962 साली धर्मगुरूंनी नियम काढला, बेने इस्रायलांचे इतर ज्यूंशी लग्न लावायचे तर आधी आई-आजीच्या वंशाची चौकशी करा. जी फूटपट्टी 'काळ्यां'ना लावली, तीच आता सगळ्यांच्या पाठीवर आली. पण ते गप्प बसले नाहीत. 1964 मध्ये जेरुसलेमला त्यांनी ठिय्या दिला आणि ते सर्वार्थाने ज्यू आहेत, असे सरकारला जाहीर करावे लागले.

कोकण सोडून इतक्या दूर गेलेल्या या लोकांनी तिथे एक मराठी नियतकालिक काढले. त्याचे नाव 'मायबोली'.