फायलींच्या पोटांतील अक्षरें

सुशिक्षित घरांतून एक प्रसंग हल्लीं वारंवार घडतो. वडिलांनीं इसवी सन १९९८ च्या सुमारास संगणकावर एक लेख लिहिलेला असतो. तो आजवर जपूनहि ठेवलेला असतो. आज मुलगी तो नव्या यंत्रावर उघडावयास जाते, तों पडद्यावर मराठी अक्षरांच्या जागीं इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन गोंधळ उमटतो. लेख हरवलेला नाहीं. त्यांतील एक काना वा मात्राहि पुसली गेलेली नाहीं. तरी तो वाचतां येत नाहीं. वस्तु हातीं असून ती निरुपयोगी कां व्हावी, आणि अशा कोंडलेल्या मजकुराची सुटका करणारीं साधनें कोणतीं, हा प्रश्न म्हणूनच केवळ तज्ज्ञांचा राहिलेला नाहीं.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. निव्वळ मजकूर म्हणजे एकामागून एक आलेलीं अक्षरें, विरामचिन्हें आणि ओळींचे शेवट. याहून अधिक कांहीं नाहीं. संगणकाच्या लेखीं प्रत्येक अक्षर हा एक ठराविक क्रमांक असतो. परंतु कचेरींतील पत्र किंवा छापावयाचें पुस्तक म्हणजे केवळ अक्षरें नव्हत. टाइपाचा आकार, समास, तक्ते, चित्रें, तळटीपा हा सारा संसार त्याबरोबर असतो. हा संसार ज्या पद्धतीनें बांधून ठेवलेला असतो, तिला फायलीचा प्रकार म्हणतात. प्रत्येक प्रकाराची बांधणी निराळी, आणि म्हणून प्रत्येकाची किल्लीहि निराळी.

मायक्रोसॉफ्टच्या वर्ड या प्रसिद्ध साधनाची जुनी फाइल ‘डॉक’ या नांवानें ओळखली जाते. तिची रचना मोठी गुंतागुंतीची असते. मजकूर तींत तुकड्यातुकड्यांनीं ठेवलेला असून, कोणत्या तुकड्यानंतर कोणता तुकडा वाचावयाचा याची यादी वेगळीच असते. ही यादी न पाहतां वाचूं गेल्यास पुढचें वाक्य मागें येतें. इतकेंच नव्हे, तर लेखकानें खोडलेलीं वाक्येंहि कधीं कधीं आंत सांपडतात. या रचनेचें सविस्तर वर्णन कंपनीनें २००८ सालीं सर्वांसाठीं खुलें केलें. तत्पूर्वीं ‘अँटीवर्ड’ व ‘कॅटडॉक’ यांसारखीं फुकट साधनें निर्माण करणाऱ्यांना पुष्कळशी रचना चिकाटीनें शोधून काढावी लागली. वर्ड २००७ पासून आलेली ‘डॉक्स’ ही फाइल मात्र बरीच सरळ आहे. ती वस्तुतः एक दाबून बांधलेलें गाठोडें असून, तें सोडलें कीं आंत लेखाचा मजकूर एका स्वतंत्र फायलींत मिळतो.

पीडीएफ या प्रकाराची गोष्ट निराळी. अडोबी कंपनीनें तो १९९३ सालीं प्रचारांत आणला आणि २००८ सालीं त्याला आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा दर्जा मिळाला. त्याचा हेतु पान सर्वत्र सारखें दिसावें हा होता. मजकूर परत काढतां यावा हा नव्हे. त्यांत ‘अमुक आकृति पानावर अमुक ठिकाणीं काढ’ अशा आज्ञा असतात. शब्द, ओळ, परिच्छेद या कल्पना तेथें असतीलच असें नाहीं. म्हणून ‘पीडीएफ-टू-टेक्स्ट’ सारख्या साधनाला दोन अक्षरांमधील अंतर मोजून शब्द कोठें तुटतो हें ताडावें लागतें. वर्तमानपत्राच्या पानावर दोन स्तंभ शेजारीं असले, तर पहिल्या स्तंभाची अर्धी ओळ आणि दुसऱ्याची अर्धी ओळ जोडून भलतेंच वाक्य तयार होण्याचा धोका असतो.

कागदाचें छायाचित्र असेल तेथें तर अक्षरेंच नसतात. असतात ते केवळ काळे-पांढरे ठिपके. अशा वेळीं आकृतींवरून अक्षर ओळखणारें साधन लागतें. त्यांपैकीं ‘टेसरॅक्ट’ हें ह्यूलेट-पॅकार्ड कंपनींत १९८५ ते १९९४ या काळांत घडलें, २००५ सालीं तें सर्वांस खुलें झालें, आणि आज तें मराठीहि वाचूं शकतें.

परंतु समोर आलेली फाइल कोणत्या जातीची, हें कसें कळावें? नांवाच्या शेपटावर विसंबणें धोक्याचें, कारण नांव कोणीहि बदलूं शकतो. खरी ओळख फायलीच्या आरंभीं असते. पीडीएफ फाइल टक्क्याचें चिन्ह व ‘पीडीएफ’ या अक्षरांनीं सुरू होते; दाबून बांधलेलें गाठोडें ‘पी’ व ‘के’ या दोन अक्षरांनीं सुरू होतें, आणि तीं अक्षरें ही पद्धति घडविणाऱ्या फिल कॅट्झ यांच्या नांवाचीं आद्याक्षरें होत. डॉक्स हेंहि गाठोडेंच असल्यामुळें त्याच्या आंत डोकावूनच पुढील निर्णय करावा लागतो.

ओळख पटविणें, योग्य किल्ली निवडणें आणि मजकूर बाहेर काढणें हीं तिन्ही कामें एकत्र करणारें साधन म्हणजे ‘अपाचे टिका’ होय. मराठींतील टीकेशीं या नांवाचा कांहीं संबंध नाहीं. २००७ सालीं सुरू झालेलें हें साधन २०१० मध्यें अपाचे संस्थेचा स्वतंत्र प्रकल्प बनलें. तें विनामूल्य असून हजाराहून अधिक प्रकारच्या फायली ओळखतें.

अशा साधनाचें सामर्थ्य जगाला २०१६ सालीं दिसून आलें. पनामा देशांतील एका कायदा-संस्थेचे सुमारें १ कोटी १५ लाख दस्तऐवज जर्मनींतील एका वृत्तपत्राच्या हातीं आले होते. त्यांत ४८ लाखांवर ई-पत्रें, २१ लाखांवर पीडीएफ आणि ११ लाखांवर चित्रें होतीं. हें सर्व डोळ्यांनीं वाचावयाचें म्हटलें तर अनेक जन्म पुरले नसते. शोधपत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघानें टिका व टेसरॅक्ट यांच्या साहाय्यानें त्यांतील मजकूर बाहेर काढला, तो शोधण्याजोगा केला, आणि मग अनेक देशांतील पत्रकारांनीं त्यांत नांवें धुंडाळलीं. पुढें आइसलंडच्या पंतप्रधानांना पद सोडावें लागलें. निव्वळ मजकूर ही क्षुल्लक वस्तु नव्हे, हें यावरून दिसेल.

मराठीपुढें मात्र एक अधिकची अडचण आहे. युनिकोड ही सर्व लिपींना सामावणारी क्रमांकपद्धति १९९१ सालीं प्रसिद्ध झाली. परंतु ती मराठी छापखान्यांत रुळण्यास बराच काळ लागला. तोंवर इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरी आकृति बसवून काम चालविलें गेलें. त्या काळच्या फायलींतून मजकूर काढला, कीं हातीं इंग्रजी अक्षरेंच पडतात. आरंभीं सांगितलेल्या लेखाचें दुर्दैव तें हेंच. त्यांवर उपाय आहे, पण त्यासाठीं मूळ टाइप कोणता होता हें ठाऊक हवें. कारण प्रत्येक टाइपाचा तक्ता निराळा असतो.

युनिकोडमध्यें लिहिलेल्या मजकुराची पीडीएफ केली, तरी संकट सर्वस्वीं टळत नाहीं. ‘किनारा’ या शब्दांत ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांस आधीं दिसते. परंतु साठवणींत ‘क’ आधीं आणि वेलांटी नंतर असते. ‘धर्म’ या शब्दांत रफार ‘म’च्या माथ्यावर दिसतो; साठवणींत मात्र ‘र’ हा ‘म’च्या आधीं असतो. ‘क्ष’ ही दिसावयास एक आकृति, पण तिच्यामागें तीन क्रमांक असतात. कोणती आकृति कोणत्या क्रमांकांची, हें सांगणारा तक्ता पीडीएफमध्यें नीट जोडलेला नसला, म्हणजे वेलांट्या भलत्या जागीं जातात व जोडाक्षरें गळतात. पडद्यावर पान सुरेख दिसतें, पण त्यांत शब्द शोधूं जातां सांपडत नाहीं. आणि अंध वाचकाला तें पान वाचून दाखविणारें यंत्र अडखळतें. जें पुस्तक शोधांत सांपडत नाहीं, तें उद्यांच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीनें जवळजवळ नसल्यासारखेंच होय.

या साधनांचा मोठा दोष असा, कीं तीं चुकतात तेव्हां बहुधा मुकाट्यानें चुकतात. तक्त्यांतील आंकडा शेजारच्या रकान्यांत गेला, तरी यंत्र तक्रार करीत नाहीं. उलट, लपविलेलें समजून निर्धास्त राहावें तर तेंहि बाहेर येतें. २०१९ च्या जानेवारींत अमेरिकेंतील एका गाजलेल्या खटल्यांत वकिलांनीं कांहीं ओळींवर काळ्या पट्ट्या ओढून कागद न्यायालयांत दाखल केले. पट्टीखालीं अक्षरें तशींच होतीं, आणि वाचकांनीं तीं सहज उचलून घेतलीं.

तात्पर्य, घरांतील जुने लेख, पत्रें, वंशावळी ज्यांना टिकवावयाच्या आहेत, त्यांनीं मूळ फाइल कधींहि टाकूं नये; परंतु तिच्या शेजारीं युनिकोडमधील निव्वळ मजकुराची एक प्रत अवश्य ठेवावी, आणि ती एकदां मुळाशीं, विशेषतः नांवें व आंकडे यांपुरती तरी, ताडून पाहावी. हें काम ज्याला मूळ टाइप आठवतो, तो माणूस घरांत आहे तोंवरच सोपें असतें.