पंधरा वर्षे भरली, पुढे काय?

साताऱ्याकडच्या कोणत्याही फौजी गावात जा. रजेवर आलेल्या जवानाला मंडळी आधी खुशाली विचारतात आणि लगेच दुसरा प्रश्न टाकतात, "पंधरा भरली का?"

या पंधरात फार मोठा अर्थ आहे. नियमित भरतीच्या शिपायाला पेन्शनसाठी किमान १५ वर्षांची नोकरी लागते, अधिकाऱ्याला २०. चौदाव्या वर्षी कंटाळून स्वखुशीने घरी आलेल्याला थोडी कमी पेन्शन मिळते असे नव्हे. मुळीच मिळत नाही! फंड, ग्रॅच्युइटी हाती पडते, तेवढेच. माजी सैनिकांसाठी २००३ साली सुरू झालेली औषधोपचाराची योजनाही पेन्शनीशीच बांधलेली आहे, आणि तिच्यात बायकामुलांबरोबर अवलंबून असलेले आईवडीलही येतात. म्हणून दहा-अकरा वर्षे काढलेल्याने राजीनाम्याची भाषा करण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. उरलेल्या चार वर्षांत तो नुसता पगार मिळवीत नसतो, जन्मभराची मिळकत पक्की करीत असतो.

पण पंधरा भरली की खरा पेच सुरू होतो. एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला गडी तेव्हा जेमतेम चौतिशीचा असतो. थोरला मुलगा तिसरीत, घराला अजून पत्रा. पेन्शन किती? मूळ पगार व लष्करी सेवेचा भत्ता मिळून ४०,००० रुपये धरू. त्याच्या निम्मे, म्हणजे २०,००० आणि वर महागाईची भर. पोटाला पुरेल, मुलाच्या इंजिनिअरिंगला पुरणार नाही. तेव्हा दुसरी नोकरी आलीच.

मग राहावे की यावे? बढती दिसत असेल तर राहावे, असे आमचे मत. हवालदार, नायब सुभेदार झाल्याने नोकरीची मुदत वाढते आणि निम्मे होते ते मोठ्या पगाराचे. बढतीची आशा नसेल, तर चाळिशीच्या आत सुटका मागणे शहाणपणाचे (ती मंजूर करणे अर्थात वरिष्ठांच्या हाती!). चौतिशीच्या माणसाला बँकेच्या दारावरच नव्हे, बँकेच्या आतही जागा मिळू शकते. पंचेचाळिशीत ते अवघड. मात्र पुढची नोकरी हेरून ठेवल्याशिवाय येऊ नये. गावी आल्यावर पहिले सहा महिने सत्कारात जातात, पुढचे सहा उसनवारी मागणाऱ्यांत.

पेन्शन विकण्याचा मोहही याच वेळी पडतो. अर्धी पेन्शन विकता येते. वरच्या उदाहरणात महिना १०,००० सोडले, तर एकरकमी सुमारे ११ लाख मिळतात. पण पुढील १५ वर्षांत १८ लाख कापले जातात. त्यानंतर पेन्शन पूर्ववत होते, आणि महागाईची भर मधल्या काळातही पूर्ण पेन्शनीवरच मिळते. घर बांधायचे किंवा सावकाराचे देणे फेडायचे असेल, तर व्यवहार वाईट नाही. मोटारसायकल नि बहिणीच्या लग्नातला बँड यांसाठी मात्र फार महाग.

२०२२ पासून अग्निवीर म्हणून भरती होणाऱ्या मुलांना हे गणित लागू नाही. त्यांची मुदत चार वर्षांची. नंतर फार तर शेकडा २५ जण कायम होतात. बाकीचे व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार घेऊन परततात, पेन्शन नाही. कायम झालेल्यांचीही ती चार वर्षे पेन्शनीत धरली जात नाहीत. त्यांची पंधरा नव्याने मोजायची.

आणि घरधनिणीला या बैठकीतून वगळू नये. नवऱ्यामागे तिला साधारणपणे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के कुटुंब-पेन्शन मिळते. सुरुवातीची काही वर्षे अधिक. पण पलटणीच्या कागदावर माहेरचे नाव, आधारकार्डावर सासरचे, आणि जन्मतारीख दोन्हीकडे निराळी, असे असल्यास तिला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. ही दुरुस्ती नोकरीत असतानाच, पुढच्या रजेत करून घ्यावी.