आडात आहे, पण पोहऱ्यात?

दादरला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरून संध्याकाळी फेरी मारताना क्रिकेटच्या आरड्याओरड्यातून एक वेगळाच आवाज कानावर येतो. आखूड, ठाशीव, एका अक्षराचा: खो! परवा तो ऐकून थांबले. महाविद्यालयीन मुलांचा सराव चालला होता. आक्रमण करणारा एक उंच मुलगा असा पळत होता, की बघणाऱ्याच्या तोंडून आपोआप 'वा!' निघावं. पुढचा धावक मात्र बसलेल्या गड्यांमधून सुईदोऱ्यासारखा आतबाहेर करत राहिला आणि काही हाती लागला नाही. मग खो मिळाला एका बुटक्या, जरा जड अंगाच्या मुलाला. तो चारच पावलं पळाला. धावक मधली रेषा ओलांडायला वळला, त्याच क्षणी या मुलानं समोर पाठमोऱ्या बसलेल्या सोबत्याला खो दिला. सोबती उठला, हात लांबवला आणि धावक जणू स्वतःहून त्या हातावर येऊन आदळला. गडी बाद!

आपल्याकडे म्हण आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? संघ हरला की आपण हीच म्हण लावतो. मुलांत दमच नाही, गुणवत्ताच नाही, असं म्हणून मोकळे होतो. पण त्या संध्याकाळी मला उलटा प्रश्न पडला. आडात पाणी भरपूर आहे आणि तरी पोहरा रिकामा वर येतो, तेव्हा काय चुकत असतं?

उत्तर खो-खोच्या नियमांत आहे आणि ते नियम नीट पाहिले की थक्क व्हायला होतं. २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद मैदान. दोन टोकांना दोन खांब, त्यांच्यामधल्या पट्टीवर आठ गडी आलटूनपालटून विरुद्ध दिशांना तोंडं करून बसलेले आणि नववा पाठलागावर. समोर एका वेळी तीन धावक. ते कुठेही पळू शकतात, वाटेल तेव्हा वळू शकतात, कितीदाही मधली रेषा ओलांडू शकतात. आक्रमकाला यातलं काहीच करता येत नाही. एकदा दिशा धरली की मागे फिरायचं नाही. मधली पट्टी ओलांडायची नाही. पलीकडच्या अंगणात जायचं तर खांबाला वळसा घाला, नाही तर खो द्या. म्हणजे खेळानं पळणाऱ्याला मोकळं सोडलंय आणि पकडणाऱ्याचे पाय बांधलेत.

आता एक छोटं गणित करू. खो पाठीमागूनच द्यावा लागतो. आक्रमक ज्या अंगणात आहे, तिथून त्याला आठांपैकी चौघांच्याच पाठी दिसतात. उरलेल्या चौघांचा त्या घडीला उपयोग नाही. त्यातही मागे फिरायची बंदी. मैदानाच्या मध्यावर असाल तर पुढे चार गडी उरतात आणि त्यांतले दोनच पाठमोरे. बाहेरून पाहताना वाटतं, नऊ जण एकावर तुटून पडलेत. प्रत्यक्षात पळणाऱ्या आक्रमकाच्या हातात त्या क्षणी फक्त दोन दारं असतात आणि कोणतं उघडायचं हे त्याला धावता धावता ठरवायचं असतं.

दार उघडायलाही वेळ लागतो. समजा, बसलेल्या गड्याला उठून पहिलं पाऊल टाकायला अर्धा सेकंद लागला. सेकंदाला सहा मीटर वेगानं पळणारा धावक तेवढ्यात तीन मीटर पुढे गेलेला असतो. दोन गड्यांमधलं अंतर साधारण दोन-अडीच मीटरचं. म्हणजे खो अर्धा सेकंद उशिरा पोचला तर धावक एक अख्खी फट ओलांडून गेला. घाईनं दिला, स्पर्श आणि उच्चार एकदम झाले नाहीत, तर पंचांची शिट्टी वाजते. बसलेला गडी खो मिळण्याआधीच हलला, तरी फाउल. सगळा खेळ या चिमूटभर वेळात आहे. सर्वांत वेगवान मुलाचा वेग इथे कामाला येत नाही, कारण धावकाला गाठायचं असतं ते दोन मुलांच्या मधल्या जागेत.

म्हणून मला वाटतं, आक्रमणाची कसोटी पायांपेक्षा सोडून देण्यात आहे. गडी हाताच्या अंतरावर दिसत असताना पाठलाग सोडायचा, स्वतः खाली बसायचं आणि बाद करण्याचं श्रेय दुसऱ्याच्या नावावर जाऊ द्यायचं. बोलीत आपण 'खो घालणे' म्हणतो ते काम बिघडवण्याला. मैदानावर 'खो देणे' म्हणजे काम पुरं करणं. त्या उंच मुलाला हे सोडणं जमत नव्हतं. बुटक्याला जमलं.

हे फक्त आपल्या मातीतलं सत्य नाही. मार्च १९९६ मध्ये अमेरिकेच्या महाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेत प्रिन्स्टनसमोर आधीच्या वर्षीचा विजेता यूसीएलए होता. प्रिन्स्टन खेळाडूंना क्रीडा शिष्यवृत्ती देतच नाही. उंची, झेप, वेग, सगळ्यांत पारडं समोरच्यांचं जड. प्रशिक्षक पीट कॅरिल यांनी मुलांना शिकवलं होतं ते चेंडू फिरवत राहायला आणि रक्षक पास अडवायला पुढे सरसावला की त्याच्या पाठीमागून बास्केटकडे घुसायला. अखेरची बास्केट नेमकी तशीच पडली. प्रिन्स्टन जिंकलं, ४३-४१. धावक वळताना मिळालेला खो आणि रक्षक झुकताना गेलेला तो पास सख्खी भावंडं आहेत.

मग गुणवत्तेचं काय? ती लागतेच आणि भरपूर लागते. खांबावरचा सूर आठवून पाहा. धावक खांबापलीकडे जाऊन 'सुटलो' म्हणतो तोच आक्रमक एका हातानं खांब धरून अख्खं अंग आडवं हवेत झोकतो आणि बोटांच्या टोकांनी त्याला टिपतो. हे कोणतीही योजना करून देत नाही. त्याला लवचीक कंबर आणि न घाबरणारं मन लागतं. संरक्षणात तर एकट्याचीच कर्तबगारी घड्याळावर मोजली जाते, अमुक खेळाडू अमुक मिनिटं पळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. पुरुषांत प्रतीक वाईकर आणि महिलांत प्रियांका इंगळे या महाराष्ट्राच्याच कर्णधारांच्या भारतीय संघांनी नेपाळला हरवून तो जिंकला. त्या उंचीवर खो चुकवणारं फारसं कुणी उरत नाही. तिथे फरक पाडायला गुणवत्ताच पुढे येते.

पण महाविद्यालयीन संघ अजून तिथे पोचलेला नसतो. त्याच्याकडे जेवढं आहे तेवढंही नऊ मिनिटांच्या डावात तो बाहेर काढत नाही. मुंबईला गुणवत्तेची वाण नाही. दादरची श्री समर्थ, ओम समर्थ आणि अमर हिंद, परळचं विद्यार्थी क्रीडा केंद्र, लालबागचं ओम साईश्वर, एवढ्याशा टापूत एवढी मंडळं वर्षानुवर्षं मुलं-मुली घडवतायत. आड कोरडा नाही. दोर तेवढा ओढावा लागतो, रोज, शंभर खो देत.

एखाद्या संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभे राहा. पळणाऱ्यांकडे सगळेच बघतात. तुम्ही बसलेल्या आठांकडे बघा. त्यांची टाच उचललेली आहे का, नजर धावकावर आहे का, कान मागे लागलेत का? तो संघ किती पुढे जाणार, ते तिथेच कळतं.