तिसरीनंतर हरवणारा जिल्हा

महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळेत इतिहासाची सुरुवात घरापासून होते. घर, शेजार, गाव, जिल्हा, राज्य, देश असे वर्तुळ वाढवत मुलाला बाहेर न्यायचे, ही अभ्यासक्रमाची जुनी रीत आहे. तिसरीत जिल्ह्याची पाळी येते. बालभारतीने २०१४ साली तिसरीचे ‘परिसर अभ्यास’ जिल्हावार काढले, त्यामुळे नंदुरबारच्या मुलाला नंदुरबारचे आणि सिंधुदुर्गातल्या मुलाला सिंधुदुर्गाचे पुस्तक मिळाले. चौथीत ‘शिवछत्रपती’ येते. १९७० पासून राज्यातल्या कितीतरी पिढ्यांची इतिहासाशी पहिली ओळख याच पुस्तकाने करून दिली. पुढे सहावीत प्राचीन भारत, सातवीत मराठ्यांचा काळ, आठवीत इंग्रजी सत्ता, स्वातंत्र्यलढा आणि १ मे १९६० रोजी झालेली राज्याची निर्मिती. जिल्हा मात्र तिसरीतच मागे राहतो.

इथेच क्रम चुकतो. आठ वर्षांच्या मुलाला शंभर वर्षे आणि हजार वर्षे यांतला फरक उमगत नाही. दोन्ही ‘फार पूर्वी’च असतात. त्याला जिल्ह्यातली नदी, किल्ला, जत्रा, थोर माणसे सांगता येतात, आणि तेवढे त्या वयाला पुरतेही. तेराव्या-चौदाव्या वर्षी मूल ‘हे कशावरून?’ असे विचारू लागते, दोन हकिकती ताडून पाहू शकते. नेमक्या त्या वयात त्याचे गाव पुस्तकात नसते. समोर असतात दिल्ली, पुणे, रायगड आणि कलकत्ता. पुरावा हाताशी असतो तेव्हा तो तपासण्याचे वय नसते आणि वय येते तेव्हा पुरावा दूर गेलेला असतो.

राज्याचा इतिहास शिकवताना दुसरी अडचण येते. महाराष्ट्र हे राज्य एक असले तरी त्याच्या भागांचा भूतकाळ एकसारखा नाही. बीड किंवा नांदेडच्या मुलाचे पणजोबा निजामाच्या राज्यात वाढले. १५ ऑगस्ट १९४७ तिथे स्वातंत्र्य घेऊन आला नाही, त्यासाठी १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रदेशात होते आणि १९५६ साली ते द्विभाषिक मुंबई राज्यात आले. चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी, आणि नागपूर शहर सन १७०२ च्या सुमारास वसवले तेही गोंड राजा बख्त बुलंद शहाने. वसईवर १७३९ पर्यंत पोर्तुगिजांचा अंमल होता. जंजिरा सिद्दींकडेच राहिला, तो थेट संस्थाने विलीन होईपर्यंत. राज्यभर एकच पुस्तक वापरायचे म्हटले की यातल्या प्रत्येक गोष्टीच्या वाट्याला एखादे वाक्य किंवा परिच्छेद येतो. चंद्रपूरच्या मुलाने रायगड शिकावा हे योग्यच आहे, पण आपल्या शहराचा परकोट कोणी बांधला हेही त्याला शाळेतच कळले पाहिजे. स्वराज्याचा इतिहास त्याने उणा होत नाही, उलट त्या काळचा सगळा प्रदेश मुलाच्या डोळ्यांपुढे उभा राहतो.

स्थानिक इतिहासाची साधने शोधायला फार लांब जावे लागत नाही. देवळाबाहेर शेंदूर फासलेले किंवा पायरीला लावलेले कोरीव दगड अनेक गावांत आहेत. त्यांतले पुष्कळसे वीरगळ असतात. वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. तळाशी गाई कोरलेल्या असतील तर तो माणूस गुरे वाचवताना पडला, असा अर्थ सहसा लावतात. चंद्र-सूर्य असेपर्यंत त्याची कीर्ती राहो, हा माथ्यावरच्या खुणेचा भाव. दगडावर बहुधा नाव नसते, सालही नसते. हत्यारे कोणती, पोशाख कसा, दगड मूळच्या जागी आहे की आणून ठेवला आहे, हे प्रश्न सातवी-आठवीची मुले स्वतः विचारू शकतात. काय दिसते आणि आपण काय समजतो, हा फरक त्यांना इथे आपोआप कळतो.

दंतकथाही टाकून देण्याची वस्तू नाही. जुने दगडी देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधले असे गावोगाव सांगतात, नाहीतर त्याला हेमाडपंती म्हणून मोकळे होतात. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. म्हणजे ज्याच्या नावाने ही शैली ओळखली जाते, त्याच्या दोनशे वर्षे आधीच हे देऊळ उभे होते. लोकांची आठवण आणि कोरलेला लेख शेजारी ठेवून बोलायला शिकवणे हा इतिहासाचा उत्तम तास आहे. त्यात गावाचा अपमान होत नाही, कारण लोक तसे का मानू लागले हाही इतिहासाचाच प्रश्न आहे.

खुद्द शाळेचे जनरल रजिस्टर हेही मोठे साधन आहे. शतक ओलांडलेल्या शाळांत मुलांची नावे, जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याचे कारण अशा नोंदी सापडतात. जुन्या नोंदी मोडीत असतात. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा शाळांची जुनी दप्तरेही बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्यांची निकड सर्वांना जाणवली. पहिली मुलगी कोणत्या साली दाखल झाली, दुष्काळाच्या वर्षी किती मुलांची नावे कमी झाली, याची उत्तरे या वह्यांत मिळू शकतात. जातीची नोंद मात्र वर्गात सांभाळून हाताळावी लागते. तिथे नावे झाकून फक्त आकडे मुलांपुढे ठेवावेत.

१९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसे अजून घरोघर आहेत. सुकडी, मिलो ज्वारी, खडी फोडण्याची कामे, त्या काळात झालेले पाझर तलाव आणि रस्ते हे सारे आजीकडून ऐकता येते. त्या अनुभवातून आकाराला आलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. आजीची आठवण, तलावाचा बांध आणि कायद्याचे साल एकत्र आले की राज्याचा इतिहास घरात येतो. कोयनेजवळच्या गावांत १९६७ चा आणि किल्लारीकडे १९९३ चा भूकंप हे काम करील.

हे सर्रास का होत नाही, याची कारणे साधी आहेत. दहावीला राज्यभर एकच प्रश्नपत्रिका असते, तेव्हा गावाचा प्रश्न तीत बसत नाही, आणि परीक्षेत जे नाही त्याला तास मिळत नाही. शिक्षक अनेकदा दुसऱ्या जिल्ह्यातला असतो, आणि गाव ओळखीचे होईतो बदली येते. २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात उपयोजित इतिहास आणि ऐतिहासिक ठेव्यांचे जतन हे विषय आले, ही चांगली गोष्ट झाली. पण ते वाचून पाठ केले तर वेशीवरचा शिलालेख चुन्याखालीच राहतो. अंतर्गत मूल्यमापनाचा प्रकल्प गावावर ठेवला तर वेगळा पेपर लागणार नाही. शिक्षकाला आधार म्हणून शासनाच्या दर्शनिका विभागाची जिल्हा गॅझेटिअरे आहेत, पुराभिलेखागारे आहेत, जिल्ह्यांतली इतिहास मंडळे आहेत. मुलांनी जमवलेली छायाचित्रे, मुलाखती, लेखांच्या नकला शाळेतच एका दप्तरात राहिल्या, तर शिक्षकाची बदली झाली तरी पुढच्या तुकडीला काम तिथूनच पुढे नेता येईल.