दुसऱ्याच्या जमिनीवरचा कडा

विहिरीच्या कामावर ज्यांची हयात गेली, त्या जुन्या माणसांना दोराचे मोल सांगावे लागत नाही. खाली उतरणाऱ्याचा जीव वर दोर धरणाऱ्याच्या हातात असतो. म्हणून दोर कोण धरणार, हे उतरणारा आधी पाहून घेतो. आज आम्ही वाचक बंधू-भगिनींना अशाच एका दोराची हकिगत सांगणार आहोत. फरक एवढाच की येथे विहीर नाही, कडा आहे. आणि तो दूर अमेरिकेत आहे.

न्यू यॉर्क शहरापासून मोटारीने दोनेक तासांवर शॉनगंक नावाची डोंगररांग आहे. पांढऱ्या गारगोटीच्या टणक दगडाचे उभे कडे, आणि त्यांना आडव्या भेगा. १९३५ साली फ्रिट्झ विस्नर या जर्मनीहून आलेल्या गिर्यारोहकाची नजर या कड्यांवर पडली. पुढे १९४१ साली त्याने डॉक्टर हान्स क्राउस यांच्यासोबत येथे एक वाट चढून काढली. तिचे नाव 'हाय एक्स्पोजर'. आज ती फार अवघड मानली जात नाही. तरीही तिथे जाणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

हा कडा एका दमात चढत नाहीत, दोन-तीन टप्प्यांत चढतात. दोघांची जोडी असते. पहिला दोर बांधून वर जातो. जाता जाता भेगेत धातूची पाचर बसवतो आणि तिच्यात दोर अडकवतो. खालचा जोडीदार दोर हळूहळू सोडत राहतो. शेवटच्या पाचरेच्या दहा फूट वर असताना पहिल्याचा पाय निसटला, तर तो वीस फूट आणि वर थोडा अधिक खाली येतो. त्या वेळी पाचर आणि जोडीदार, दोन्ही पक्के हवेत. पहिला वरच्या कट्ट्यावर पोचला की स्वतःला दोन-तीन ठिकाणी बांधून घेतो आणि वरून दोर धरतो. मग दुसरा चढतो आणि लावलेल्या पाचरा काढत येतो. मागे दगडात काही उरत नाही.

शेवटच्या टप्प्याला रुंद कट्ट्यावरून निघून पुढे आलेल्या दगडाखालून बाहेर वळावे लागते. तेथे पायाखाली एकदम मोकळे आभाळ आणि खाली झाडांचे शेंडे. जोडीदारही दिसेनासा होतो. हाताला लागतो तो फक्त दोर.

आता जमिनीची गोष्ट. हा कडा सरकारी नाही, खासगी जमिनीवर आहे. १८६९ साली स्मायली घराण्याने तेथील तळ्याकाठची जागा घेऊन हॉटेल काढले आणि पुढे आसपासची बरीच जमीन जोडली. मालक धर्मशील होते, परोपकारी होते. पण त्यांच्याच हॉटेलात १८९० आणि १८९१ साली काळ्या लोकांच्या प्रश्नावर परिषदा भरल्या, तेव्हा एकाही काळ्या माणसाला बोलावणे नव्हते. मालक भला असला तरी दार कोणासाठी उघडायचे, हे त्याच्या मर्जीवर राहते. चवदार तळ्याची आठवण ज्या घरांत आजही मुलांना सांगितली जाते, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

कड्यावरही तसेच झाले. १९५० च्या दशकात एक जुना गिर्यारोहण क्लब तेथे वजन राखून होता. दोराच्या पुढे कोणी जायचे, हे क्लबचे जाणते ठरवीत. सुरक्षिततेसाठी नियम हवेच. पण परवानगी देणारे मोजकेच असले की नियमाचा पहारा होतो. कॉलेजातली काही मुले बिथरली. त्यांनी स्वतःला 'व्हल्गेरियन', म्हणजे असभ्य, असे नाव घेतले आणि क्लबला न विचारता चढू लागली. त्यांचे सगळेच वागणे अनुकरण करण्याजोगे नव्हते. पण क्लबचा पहारा त्यांच्यामुळे मोडला.

१९६३ साली तेथे विश्वस्त संस्था स्थापन झाली. आज तिचे नाव मोहोंक प्रिझर्व्ह आहे. जमीन खासगीच आहे, पण नियम लिहिलेले आहेत. ठरलेले शुल्क भरून कोणीही येऊ शकतो; क्लबची चिठ्ठी लागत नाही. शुल्क न परवडणाऱ्याला मात्र तो कडा अजून लांबच आहे, हेही आम्ही नमूद करतो.

चढणाऱ्यांनीही आपली बाजू सांभाळली. पूर्वी लोखंडी मेखा ठोकून दगड फुटत असे. १९७० च्या दशकात तेथील चढणाऱ्यांनीच हातोडी बाजूला ठेवून हाताने बसणाऱ्या आणि हाताने निघणाऱ्या पाचरा स्वीकारल्या.

आपली मुलेमुली सुट्टीत डोंगरावर जातात. आईवडिलांनी त्यांना अडवू नये, पण चार गोष्टी जरूर सांगाव्यात. जाणत्या प्रशिक्षकाकडून शिकल्याशिवाय कड्याला हात लावू नका. बाजारातला साधा नायलॉनचा दोर चालत नाही. चढाईचा दोर पडणाऱ्याचा हिसका सोसण्यासाठी ताणला जाणारा असतो. एकमेकांच्या गाठी तपासल्याशिवाय पाय उचलू नका, मग जोडीदार सख्खा भाऊ का असेना. आणि जमीन कोणाची, हे विचारून आत जा.

तपासणे म्हणजे अविश्वास नव्हे. गाठ तपासलेली असली की चढणारा निर्धास्त असतो. नियम लिहिलेला असला की आत येणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. कोणाच्या चांगुलपणावर आपण किती दिवस लटकून राहणार? दोर पक्का हवा, आणि तो धरणाऱ्याला हिशेब विचारता आला पाहिजे.