टर्नटेबल आणि कंप: गैरसमज व वस्तुस्थिती

रेकॉर्डच्या खाचेतील नक्षी मायक्रोमीटरमध्ये मोजावी लागते. ती नक्षी आणि टेबलाचा कंप यांत सुईला फरक कळत नाही. सुई जिच्यात बसवलेली असते त्या कार्ट्रिजच्या तुलनेत ती जेवढी हलते, तेवढ्याचा कार्ट्रिज विद्युत संकेत बनवते. शिवाय रेकॉर्ड कोरण्या-वाजवण्याच्या आरआयएए या प्रमाण पद्धतीत खर्ज दाबून कोरला जातो आणि वाजवताना वाढवला जातो. २० हर्ट्झला ही वाढ १००० हर्ट्झच्या तुलनेत नऊपटींहून अधिक असते. टेबलाचा कंपही तेवढाच वाढतो.

जड कडप्पा खाली घातला की कंप थांबतो, हा सर्वांत रुजलेला समज. ६० बाय ४५ सेंटीमीटरचा, अडीच सेंटीमीटर जाडीचा कडप्पा साधारण १८ किलो भरतो. पण तो थेट टणक टेबलावर टेकला तर जमिनीचा खर्जातला कंप जवळपास जसाच्या तसा वर येतो. वजनाखाली लवचीक आधार हवा, आणि तो किती दबतो यावर सगळे ठरते. स्प्रिंग १ मिलिमीटर दबत असेल तर तिची स्वतःची कंपनसंख्या सुमारे १६ हर्ट्झ येते, १ सेंटीमीटर दबत असेल तर ५ हर्ट्झ. या आकड्याच्या सुमारे १.४ पटींच्या वरचाच कंप अडतो. त्या आकड्याच्या आसपासचा उलट वाढतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबसारख्या गावात शेजारी पिठाची चक्की असणे नवे नाही. तिची मोटर मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेत असेल, तर मुख्य कंप २४ हर्ट्झचा. १६ हर्ट्झचा आधार तो जेमतेम पाव हिश्शाने कमी करतो. ५ हर्ट्झचा आधार, आदर्श स्थितीत, बाविसाव्या हिश्शावर आणतो. म्हणून ‘रबर घातले’ एवढे सांगणे पुरेसे नाही. पूर्ण चपटा झालेला फोम तर आधार म्हणून निकामीच. कडप्प्याखाली अर्धवट हवा भरलेली सायकलची ट्यूब हा स्वस्त आणि खरोखर चांगला उपाय आहे.

टोकदार पायांतून कंप फक्त खाली ‘निचरून’ जातो, असेही सांगतात. तसे होत नाही. टोक हा कडक जोड आहे. कंप त्यातून दोन्ही दिशांनी जातो.

स्प्रिंगवर तरंगणारे टर्नटेबल सगळीकडे उत्तम, हा समज १९६१ च्या अकूस्टिक रिसर्चच्या यशस्वी यंत्रापासून बळावला. तळमजल्यावरच्या फरशीवर ते छान चालते. लाकडी माडीवर मात्र माणूस सेकंदाला सुमारे दोन पावले टाकतो, लवचीक तक्तपोशी हलते, स्प्रिंग डोलू लागतात आणि सुई उडते. तिथे भार पेलणाऱ्या जाड भिंतीत घट्ट बसवलेली फळी सरस. चार इंची आडभिंत नको.

फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा–कळंब रेल्वेमार्ग सुरू झाला, म्हणून घरघरीचा दोष गाडीला द्यावासा वाटेल. पण रुळांचा कंप अंतरासोबत ओसरतो, त्यामुळे बहुतेक घरांत खरा दोषी खोलीतच सापडतो: त्याच टेबलावर ठेवलेला स्पीकर. त्याचा खर्ज सुईत शिरतो, वाढून पुन्हा स्पीकरमधून येतो आणि घुमण्याचे चक्र सुरू होते. हवेतून येणारा खर्ज पायांखालच्या कोणत्याही साहित्याने अडत नाही. स्पीकर वेगळ्या स्टँडवर, शक्य तितका दूर ठेवणे हाच त्यावरचा उपाय.

प्रत्येक घरघर बाहेरूनच येते असेही नाही. मोटर बंद ठेवून थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवावी, आवाज बेताने वाढवावा आणि टेबलावर बोटाने टिचकी मारावी. ऐकू येईल ते टेबलातून आलेले. तबकडी फिरू लागल्यावरच येणारी घरघर मोटर, बेअरिंग किंवा पट्ट्याची असू शकते. ती आधार बदलून जात नाही.